अमेरिकन फुटबॉलमध्ये टीम हरली की खापर कुणावर फोडायचं, ऑफेन्सवर की डिफेन्सवर?

तुम्ही लिहिलंय की अटलांटात नोकरीला आल्यापासूनचा हा तुमचा पहिलाच सीझन. सोमवारी ऑफिसात इथल्या फाल्कन्स टीमवरून दोन तट पडतात, एक ऑफेन्सला (बॉल घेऊन पुढे जाणाऱ्यांना) शिव्या घालतो, दुसरा डिफेन्सला (समोरच्यांना अडवणाऱ्यांना), आणि तुम्हाला दोघांचंही पटतं. शिवाय कुणी 'अठ्ठावीस-तीन' म्हटलं की सगळ्यांचे चेहरे का उतरतात, हेही विचारलंय. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच मॅचमध्ये सापडतं, म्हणून तिच्याबद्दलच जरा सविस्तर लिहितो.

त्याआधी एक गोष्ट. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. वनडेत तीनशे करून हरलो तर बोलर्सना शिव्या, दीडशेत गारद झालो तर बॅट्समनना. हिशेब सोपा. इथे मात्र एका मॅचमध्ये प्रत्येक टीमकडे बॉल दहा-बारा वेळा येतो आणि जातो, आणि आपला ऑफेन्स जिथे आणि जितक्या लवकर बॉल सोडतो, तिथून आणि तितक्या लवकर आपल्या डिफेन्सची परीक्षा सुरू होते. टेस्टमध्ये बॅटिंग दीड तासात आटोपली आणि बोलर्सना धड पाठ टेकायच्या आत पुन्हा मैदानात उतरावं लागलं, तर पुढे त्यांनी खाल्लेल्या चौकारांचा दोष कुणाचा? इथे तसं एकाच संध्याकाळी अनेकदा होतं. त्यामुळे स्कोअरबोर्डावरचा समोरच्या टीमचा आकडा पाहून 'डिफेन्सनं एवढे पॉइंट दिले' म्हणणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

आता ती मॅच. ५ फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टनचं एनआरजी स्टेडियम, सुपर बोल ५१, म्हणजे लीगची फायनल. फाल्कन्स विरुद्ध टॉम ब्रेडीचे न्यू इंग्लंड पॅट्रिअट्स. त्या सीझनला फाल्कन्सचा ऑफेन्स म्हणजे कहर होता. १६ मॅचमध्ये ५४० पॉइंट, लीगमध्ये सगळ्यात जास्त. क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) मॅट रायन त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. डिफेन्स मात्र यथातथाच, ४०६ पॉइंट दिलेला. म्हणजे मॅच हरलो तर कुणामुळे हरणार, हे बहुतेकांनी आधीच ठरवून टाकलेलं होतं.

हाफटाइमला २१-३. त्यातला तिसरा टचडाउन (बॉल समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेणं, सहा पॉइंट) तर डिफेन्सनंच केलेला. रॉबर्ट अल्फर्डनं ब्रेडीचा पास मधेच पकडला आणि ८२ यार्ड पळत नेला. सगळे नाचले. पण एक बारीक गोष्ट तेव्हा कुणाच्या डोक्यात आली नाही. डिफेन्सनं टचडाउन केला की किकऑफनंतर बॉल परत समोरच्यांकडेच जातो, आणि तीच दमलेली माणसं लगेच पुन्हा उभी राहतात. तिसऱ्या क्वार्टरमध्ये अटलांटाचा आणखी एक टचडाउन, २८-३. आम्ही बरेच मराठी लोक एका मित्राच्या बेसमेंटमध्ये बसलो होतो. त्या क्षणी अर्धे जण टीव्हीसमोरून उठले. कुणी चहा टाकायला, कुणी वडे पुन्हा गरम करायला. मॅच संपल्यातच जमा होती.

नंतर पॅट्रिअट्सनी लागोपाठ ३१ पॉइंट केले, २८-२८ अशी बरोबरी साधली आणि सुपर बोलच्या इतिहासातल्या पहिल्या ओव्हरटाइममध्ये ३४-२८ जिंकले. ब्रेडीचे ४६६ यार्ड. यजमान मित्रानं रिमोट सोफ्यावर आपटला आणि निकाल दिला, "डिफेन्सनं शेण खाल्लं, विषय संपला." दुसऱ्या दिवशी गावातल्या निम्म्या लोकांचं तेच मत होतं. ३१ पॉइंट कुणी दिले? डिफेन्सनं. मग?

मग हे बघा. त्या मॅचमध्ये पॅट्रिअट्सनी ९३ प्ले (बॉल घेऊन केलेले प्रयत्न) खेळले, फाल्कन्सनी ४६. जवळपास निम्मे. अटलांटाच्या ऑफेन्सकडे बॉल साडेतेवीस मिनिटं होता, समोरच्यांकडे चाळीसच्या वर. थर्ड डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) फाल्कन्सना आठ संधी मिळाल्या, त्यातली एकच साधली. टचडाउन झाले तेव्हा ते झटपट झाले, म्हणून दिसायला झकास. पण झटपट टचडाउन म्हणजे डिफेन्सला विश्रांती कमी, आणि झटपट पंट (बॉल लाथाडून समोरच्यांना देऊन टाकणं) म्हणजे तर काहीच मिळालं नाही. याच 'कुचकामी' डिफेन्सनं ब्रेडीला पाच वेळा सॅक केलं (पास टाकायच्या आत आडवं केलं), त्यातले तीन सॅक एकट्या ग्रेडी जॅरेटचे. सव्वाशे-दीडशे किलोची माणसं ती. नव्वदाव्या प्लेला त्यांच्या पायात काय उरणार?

२८-३ नंतर अटलांटाच्या ऑफेन्सनं काय केलं ते ओळीनं सांगतो: पंट, फंबल (हातातून बॉल सुटणं), पंट, पंट. पहिला पंट तर चीड आणणारा. पॅट्रिअट्सची ऑनसाइड किक (बॉल आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली आखूड किक) फसली होती, बॉल आयता पॅट्रिअट्सच्याच ४१ यार्डाच्या रेषेवर अटलांटाच्या हाती आला होता. तिथून एक होल्डिंगची (समोरच्याला धरून ठेवल्याची) पेनल्टी, एक सॅक, आणि बॉल परत.

फंबलची गोष्ट त्याहून वाईट. २८-१२, चौथ्या क्वार्टरची साधारण साडेआठ मिनिटं शिल्लक. थर्ड डाउन, हवा फक्त एक यार्ड. अशा वेळी बॉल रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन पळणाऱ्याच्या) पोटात द्यायचा आणि डोकं खाली घालून घुसायचं, हे हायस्कूलचं पोरगंही सांगेल. नाही साधलं तरी घड्याळ पळतं. ऑफेन्सचे कोऑर्डिनेटर (डाव ठरवणारे कोच) काइल शॅनाहन यांनी पास बोलावला. रनिंग बॅक डेव्हॉन्टा फ्रीमनला अंगावर येणारा पॅट्रिअट्सचा हाइटावर अडवता आला नाही, रायनच्या हातातून बॉल उडाला, आणि पॅट्रिअट्सना तो अटलांटाच्या २५ यार्डावर मिळाला. तिथून झालेला टचडाउन आणि वरचे दोन पॉइंट (टचडाउननंतरच्या जादा प्रयत्नाचे, म्हणजे कन्व्हर्जनचे) कागदावर डिफेन्सच्या नावावर लागले. २८-२०.

आणि एवढं होऊनही मॅच हातातच होती! ज्यानं ही मॅच पाहिलीय त्याला हा प्रसंग झोपेतही आठवतो. रायननं उजव्या साइडलाइनला लांब पास टाकला. फाल्कन्सचा हुलिओ जोन्स हवेत उडाला, बॉल डोक्यावर पकडला आणि खाली येताना दोन्ही पायांचे चवडे रेषेच्या आत टेकवले. माझ्या मते सुपर बोलमधल्या सगळ्यात सुंदर कॅचपैकी एक, आणि आज त्याचा विषय कुणी काढतही नाही. बॉल पॅट्रिअट्सच्या २२ यार्डावर. साधारण चार मिनिटं चाळीस सेकंद बाकी. मॅट ब्रायंटसारखा भरवशाचा किकर बाजूला उभा. तीन वेळा बॉल घेऊन नुसते जमिनीवर आडवे पडले असते, तरी चाळीसेक यार्डांची फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक, तीन पॉइंट), ३१-२०. अकरा पॉइंटांचा फरक म्हणजे समोरच्यांना दोनदा स्कोअर करावा लागणार, वेळ जेमतेम.

पहिला प्ले रनचा, एक यार्ड मागे. ठीक आहे. दुसऱ्या प्लेला पुन्हा पास. पॅट्रिअट्सच्या ट्रे फ्लावर्सनं रायनला बारा यार्ड मागे आडवं केलं. पुढच्या प्लेला होल्डिंग, आणखी दहा यार्ड मागे. २२ वरून थेट ४५ वर. फील्ड गोलचा प्रश्नच मिटला. पुढचा पास खाली पडला, म्हणजे घड्याळही थांबलं. मग पंट. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हा.

आता डिफेन्सची बाजू घेतोय म्हणून त्यांना धुतल्या तांदळासारखं ठरवत नाही. पंटनंतर पॅट्रिअट्सना ९१ यार्ड जायचं होतं आणि ते गेले. वाटेत एक पास अल्फर्डच्या हाताला लागून वर उडाला. हो, तोच अल्फर्ड. तीन फाल्कन्स त्यावर झेपावले, आणि जमिनीपासून काही इंचांवर तो पकडला ज्युलियन एडलमननं. बरोबरीसाठी दोनदा दोन-दोन पॉइंटांचे कन्व्हर्जन हवे होते, दोन्ही दिले. जेम्स व्हाइट या रनिंग बॅकनं १४ पास पकडले आणि त्याच्यावर इलाज शेवटपर्यंत सापडला नाही. ओव्हरटाइमला टॉस पॅट्रिअट्सनी जिंकला आणि सरळ ७५ यार्ड जाऊन टचडाउन केला. तेव्हाच्या नियमानं पहिल्याच ड्राइव्हला टचडाउन झाला की खेळ खलास, त्यामुळे एमव्हीपी रायन बाजूला हेल्मेट घालून उभाच राहिला. (प्लेऑफपुरता, म्हणजे बाद फेरीपुरता, तो नियम २०२२ मध्ये बदलला, दोन्ही टीमना बॉल मिळायला लागला. आपल्याला काय उपयोग.)

तरी रुपयातले दहा आणे दोष मी ऑफेन्सवर टाकतो, सहा आणे डिफेन्सवर. त्या दहातलेही निम्मे खेळाडूंचे नाहीत, प्ले बोलावणाऱ्याचे. आणि शिक्षा कुणाला झाली? त्याच आठवड्यात डिफेन्सचे कोऑर्डिनेटर रिचर्ड स्मिथ यांना नारळ मिळाला. शॅनाहन ठरल्याप्रमाणे सॅन फ्रान्सिस्को फॉर्टी-नाइनर्सचे हेड कोच झाले. माणूस हुशार आहे, वाद नाही. पण २०२० च्या सुपर बोलमध्ये चौथ्या क्वार्टरला त्यांची टीम कॅन्सस सिटीविरुद्ध २०-१० पुढे होती आणि ३१-२० हरली, तेव्हा अटलांटात अनेकांना फार वाईट वाटलं असेल असं नाही.

प्रत्येक वेळी ऑफेन्सच दोषी असतं, असं मात्र समजू नका. पुढच्याच वर्षीची सुपर बोल घ्या, मिनियापोलिसची. त्याच ब्रेडीनं ५०५ यार्ड फेकले, पॅट्रिअट्सना अख्ख्या मॅचमध्ये एकदाही पंट करावा लागला नाही, आणि तरी फिलाडेल्फिया ईगल्सकडून ४१-३३ हरले, तेही निक फोल्स या बदली क्वार्टरबॅककडून. पंटच नाही म्हणजे डिफेन्सवर विनाकारण भार पडला असंही म्हणता येत नाही. माल्कम बटलरसारख्या कॉर्नरबॅकला (समोरच्यांचे पास अडवणाऱ्याला) पॅट्रिअट्सचे कोच बेलिचिक यांनी डिफेन्समध्ये एक प्लेही खेळवला नाही, त्याचं धड कारण त्यांनी कधी दिलं नाही. तिथे मी डोळे मिटून डिफेन्सकडे बोट दाखवतो.

तर सोमवारी भांडणात पडण्याआधी मॅचचा प्ले-बाय-प्ले उघडा, कुठल्याही स्पोर्ट्स साइटवर फुकट मिळतो. यार्ड नंतर बघा. आधी बघा की समोरच्यांचा प्रत्येक टचडाउन सुरू कुठून झाला. ७५-८० यार्ड चालत आले असतील तर डिफेन्सला जाब विचारा. वीस-पंचवीस यार्डांवरून सुरुवात असेल तर आधी बॉल कुणी घालवला ते शोधा. आपल्या क्वार्टरबॅकचा पास पकडून त्यांनी थेट टचडाउन केला असेल तर ते पॉइंट 'डिफेन्सनं दिलेल्या' आकड्यात बेशक धरले जातात, पण तेव्हा आपला डिफेन्स मैदानावर नव्हताच. मग ऑफेन्सच्या तीन प्लेत आटोपलेल्या ड्राइव्ह मोजा, विशेषतः दुसऱ्या हाफमधल्या. एवढ्यावर ऐंशी टक्के भांडणं मिटतात. ज्यांना मिटवायची नसतात त्यांचं सोडा.

उरलेल्या वीस टक्क्यांसाठी सिनसिनाटी बेंगल्सचा २०२४ चा सीझन आहे. जो बरोनं त्या वर्षी ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन फेकले, दोन्हींत लीगमध्ये पहिला, आणि टीम ९-८ (नऊ विजय, आठ पराभव) करून घरी. ३३ किंवा जास्त पॉइंट करून चार मॅच हरले. डिफेन्सचे कोऑर्डिनेटर लू अनारुमो यांची गच्छंती झाली, आणि ती रास्त होती. पण त्याच टीमनं सीझनची पहिली मॅच १६-१० अशी घालवली, तीही पुढे ४-१३ वर संपलेल्या पॅट्रिअट्सविरुद्ध, आणि तो पराभव ऑफेन्सचा, हे सिनसिनाटीवाले सोयीस्करपणे विसरतात.

आणि त्यातली ऑक्टोबरमधली बॉल्टिमोर रेव्हन्सविरुद्धची मॅच म्हणजे तर या वादाची टिंगलच. बेंगल्स चौथ्या क्वार्टरमध्ये ३८-२८ पुढे. डिफेन्सनं टचडाउन दिला. बरोनं, ज्यानं तोवर पाच टचडाउन फेकले होते, इंटरसेप्शन दिलं (पास समोरच्यांच्या हातात दिला), त्यावर ३८-३८. ओव्हरटाइमला रेव्हन्सचा फंबल डिफेन्सनंच पकडला आणि बॉल फील्ड गोलच्या आवाक्यात आणून ठेवला. ऑफेन्सनं तीन वेळा रन करून जेमतेम तीन यार्ड मिळवले. ५३ यार्डांची किक, आणि होल्डरला (किकरसाठी बॉल जमिनीवर धरणाऱ्याला) बॉल नीट धरताच आला नाही, किक बाहेर. पुढच्याच प्लेला डेरिक हेन्री ५१ यार्ड पळाला, रेव्हन्सची सोपी फील्ड गोल, ४१-३८. त्या मॅचपुरतं विचाराल तर माझं मत होल्डरला.