ऑपरेशनसाठी कर्ज नको, आधी तो बाँड परत करा

नाशिकच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. त्यांच्या परवानगीने थोडक्यात देते.

"मी 34 वर्षांची, खासगी शाळेत शिक्षिका. हातात पगार 32,000, मिस्टरांचा 60,000. घराचा हप्ता 26,000. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. त्याचं अंगावरचं दूध सुटून दीड वर्ष झालं. छातीच्या वजनाने गेली सहा-सात वर्षं मान, खांदे, पाठ दुखते. फळ्यावर लिहिताना हात वर धरवत नाही. डॉक्टरांनी ब्रेस्ट रिडक्शन (स्तनांचा आकार कमी करण्याचं ऑपरेशन) सुचवलंय, हॉस्पिटलने 2 लाख 40 हजारांचं पॅकेज सांगितलंय. दिवाळीच्या सुट्टीत करून घ्यावं म्हणते. यासाठीच चार वर्षं साठवून 3 लाखांची एफडी केली होती. ती ऑगस्टअखेर मॅच्युअर झाली तेव्हा बँकेतल्या मॅडमनी ते पैसे एका गॅरंटीड योजनेत टाकून दिले. पैसे जवळजवळ दुप्पट होतात आणि विमाही फुकट मिळतो. ते मोडायचे नाहीत. मग ऑपरेशनसाठी पर्सनल लोन घेऊ की हॉस्पिटलच्या ईएमआयवर जाऊ? मिस्टरांच्या कंपनीचा 5 लाखांचा आरोग्य विमा आहे. ओळखीचे एजंट म्हणतात, पाठदुखी दाखवून क्लेम बसवून देतो. सासूबाईंचं म्हणणं, मुलं मोठी झाल्यावर बघ."

ताई, लोन की ईएमआय हे नंतर. तुमचं पत्र वाचून मी लगेच मेल केला आणि त्या योजनेच्या कागदांचे फोटो मागवले, कारण "टाकून दिले" हे शब्द वाचले की मला धडकी भरते. तुम्ही आठ फोटो पाठवलेत. त्यातलं तिसरं पान पुन्हा उघडा. मध्ये एक तक्ता आहे. "प्रीमियम भरण्याची पद्धत" या रकान्यासमोर लिहिलंय: वार्षिक. "प्रीमियम भरण्याची मुदत" यासमोर: 7 वर्षे. ही विमा पॉलिसी आहे, आणि तुम्ही 3 लाख एकदा गुंतवलेले नाहीत. दरवर्षी 3 लाख, असे सात वर्षं भरायचं कबूल केलंय. म्हणजे 21 लाख. महिन्याला 25,000 झाले, घराच्या हप्त्याएवढाच दुसरा हप्ता. 92,000 मिळवणाऱ्या, दोन मुलांच्या घराला हे झेपणारं नाही, आणि बँकेत तुमची पगाराची नोंद समोर असताना हे विकलं गेलं, याचा मला संताप येतो.

आता त्या "दुप्पट"चं बघू. बाँडप्रमाणे, म्हणजे पॉलिसीच्या कागदाप्रमाणे, पंधराव्या वर्षाच्या शेवटी 36 लाख मिळणार. सात वर्षांत 21 लाख भरून पंधरा वर्षांनी 36 लाख, म्हणजे वर्षाला साधारण साडेचार टक्के. हेच पैसे तुमच्या आणि मिस्टरांच्या पीपीएफ खात्यांत दीड-दीड लाख भरले असते, तर आजच्या 7.1 टक्क्यांनी पंधरा वर्षांनी 48 लाखांच्या आसपास झाले असते. बारा लाखांचा फरक आहे. आणि "फुकट" विमा 30 लाखांचा. तुमच्या वयाच्या, तंबाखू न खाणाऱ्या बाईला 1 कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे, बचत नाही) वर्षाला दहा-बारा हजारांत मिळतो. या योजनेत फुकट काहीच नाही. ती तुम्ही 3 लाख भरून विकत घेतली आहे.

वर आता 14 टक्क्यांनी 3 लाखांचं लोन तीन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता सव्वादहा हजार, आणि व्याज जवळपास 70,000. स्वतःचे पैसे साडेचार टक्क्यांवर अडकवून दुसऱ्याचे चौदा टक्क्यांनी आणायचे, असा हा हिशेब होतो. हॉस्पिटलच्या "बिनव्याजी" ईएमआयचंही तसंच. रोख भरल्यास किती कमी कराल, एवढं विचारा. जी सूट सांगतील ते व्याज समजा.

वेळ अजून गेलेली नाही. विम्याचा कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते, त्याला फ्री लुक म्हणतात. ईमेलवर आलेला बाँडही त्यात धरला जातो. तुम्हाला तो 9 सप्टेंबरला आला, म्हणजे 9 ऑक्टोबर शेवटचा दिवस. तुम्ही 30 सप्टेंबरच्या आत उरका. थोडे दिवस मिळालेल्या विम्याचा खर्च, स्टँप ड्यूटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचे पैसे कापून बाकी सगळं परत मिळतं. तुमच्या बाबतीत ही कपात फार नसेल. अर्ज पोचल्यापासून सात दिवसांत पैसे परत करण्याचं बंधन विमा कंपनीवर आहे. ही मुदत टळली आणि पुढच्या वर्षी दुसरा हप्ता भरता आला नाही, तर या 3 लाखांतले बरेच गमवाल.

अर्ज बँकेतल्या मॅडमकडे देऊ नका. त्या चहा मागवतील, "एक महिना थांबा, मी बघते" म्हणतील, आणि तो महिनाच तुमच्या हातातून निसटेल. बाँडवर विमा कंपनीचा ईमेल पत्ता आहे, तिथे तुमच्या नोंदवलेल्या मेलवरून पाठवा. चार ओळी पुरेत: पॉलिसी क्रमांक, बाँड मिळाल्याची तारीख, "मला ही एकरकमी ठेव म्हणून सांगितली गेली, अटी मान्य नाहीत, फ्री लुकखाली रद्द करावी", आणि रद्द केलेल्या चेकचा फोटो. त्याच दिवशी कंपनीच्या नाशिकच्या शाखेत छापील प्रत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. त्यांनी टोलवलं तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 वर तक्रार, आणि तरी हललं नाही तर पुण्याचे विमा लोकपाल. कंपनीतून तुम्हाला पडताळणीचा फोन आला होता का, तेही आठवा. "सगळ्याला हो म्हणा, नाहीतर पैसे अडकतात" असं आधी शिकवलेलं असतं. तसं झालं असेल तर पत्रात लिहा.

आता ऑपरेशनकडे येते. सासूबाईंना हे उत्तर वाचायला द्या. सहा-सात वर्षं दुखणारी पाठ, ब्रेसियरच्या पट्ट्यांनी खांद्यावर पडलेल्या खाचा, फळ्यापर्यंत न जाणारा हात, ही हौस नव्हे. तुमची पुढची पंचवीस वर्षांची नोकरी उभं राहून करायची आहे. मुलं मोठी होईपर्यंत थांबायला मी सांगणार नाही. मात्र तिसऱ्या मुलाचा विचार थोडाही असेल तर आधी सर्जनशी बोला, कारण या शस्त्रक्रियेनंतर अंगावर पाजणं कमी होऊ शकतं किंवा बंदही होऊ शकतं. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आहे ना, हे बघून घ्या. पुण्याचं ससून, मुंबईचं केईएम इथेही प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. खर्च पुष्कळ कमी येतो, पण तिथे थांबावं लागतं, आणि ड्रेसिंगसाठी नाशिकहून फेऱ्या मारायच्या म्हटलं तर दोन लेकरांच्या आईला ते सोपं नाही. तुमच्याकडे पैसे असतील तर नाशिकलाच करा.

क्लेमचं म्हणाल तर ती रक्कम शून्य धरूनच चाला. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना, किंवा प्रकृतीला थेट आणि तातडीचा धोका असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलं तरच अपवाद. पाठदुखीला "तातडीचा धोका" मानायला विमा कंपन्या सहसा तयार होत नाहीत. तरी सरळ मार्गाने विचारायला हरकत नाही. अस्थिरोगतज्ज्ञांचे कागद, फिजिओथेरपीच्या पावत्या, स्तनांखालच्या पुरळासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेला असाल तर ती चिठ्ठी, आणि सर्जनचं पत्र जोडून विमा कंपनीच्या टीपीएकडे (क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे) आधीच लेखी मंजुरी मागा. मिळाली तर तो वरकड लाभ. एजंटच्या "बसवून देतो"ला मात्र साफ नाही म्हणा. डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचं नाव लिहिलेलं असतं, ते लपत नाही. खोटा क्लेम पकडला गेला तर नुकसान तुमचं, आणि मिस्टरांना त्यांच्या ऑफिसात मान खाली घालावी लागेल ते वेगळंच.

2 लाख 40 हजार हा आकडा अजून अपुरा आहे. पॅकेजमध्ये भूलतज्ज्ञ, काढलेल्या ऊतींची पॅथॉलॉजी तपासणी, नंतरचे ड्रेसिंग आणि दोन सर्जिकल ब्रा धरल्यात का, विचारा. जीएसटीचंही विचारा. सौंदर्यासाठीच्या प्लास्टिक सर्जरीला आरोग्यसेवेची करमाफी नाही, 18 टक्के लागतो. पॅकेज करासह नसेल तर 43,000 एकदम वाढतील. अंदाज लेखी आणि करासह घ्या.

मग घरचा खर्च, ज्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही, असं बहुतेक सर्जन सांगतात. बायका हे ऐकतात आणि गॅस सिलिंडर, पाण्याची कळशी डोळ्यांसमोर आणतात. तीन वर्षांचा मुलगा म्हणजे चौदा किलो, हे लक्षात येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचं ऑपरेशन उत्तम झालं, सासूबाई मदतीला होत्या, डबा लावला होता. पाचव्या दिवशी लेक बालवाडीतून आली आणि धावत येऊन दोन्ही हात वर करून समोर उभी राहिली. सवयीने ह्या वाकल्या आणि उचललं. टाके थोडे उसवले, जखम भरायला आणखी तीन आठवडे गेले. तेव्हा मुलाला आत्तापासूनच सवय लावा: आई पलंगावर बसणार, तू चढून शेजारी ये. पलंगाशी एक पाट ठेवा. सकाळी त्याला उठवणं, न्हाऊ घालणं, गाडीवर बसवणं हे मिस्टरांनी ऑपरेशनच्या महिनाभर आधी हातात घ्यावं, म्हणजे त्या दिवसांत तो रडून तुमच्याकडे धावणार नाही. रोज लागणारे डबे आणि पातेली वरच्या फळीवरून कंबरेच्या उंचीवर आणा.

सहा आठवडे दिवसभराची बाई म्हणजे नाशिकला वीस हजारांच्या आसपास. पोळीभाजीचा डबा आठ हजार. स्कूटर बंद, म्हणून रिक्षाचे पाच. या 33,000 मध्ये तपासण्या आणि ड्रेसिंगचे तीसेक हजार मिळवा. जखम भरायला वेळ लागला, पुन्हा दाखवावं लागलं, तर त्यासाठी 50,000 वेगळे. कर सोडून बेरीज साडेतीन लाख. एफडी परत आली की 3 लाख होतात, पन्नास हजार कमी पडतात, आणि घरात अडीनडीला एक रुपया उरत नाही.

म्हणूनच दिवाळीत नको. ती सुट्टी तीन आठवड्यांची. त्यात फराळ, पाहुणे, भाऊबीज, आणि शाळा उघडेल तेव्हा तुम्ही जेमतेम सावरलेल्या असाल. परीक्षेचे निकाल लावून एप्रिलअखेरीला करा. 15 जूनला शाळा सुरू होईपर्यंत सहा आठवडे पूर्ण मिळतात, पगारही कापला जात नाही. एक अडचण खरी आहे. मे महिन्याच्या उकाड्यात घट्ट सर्जिकल ब्रा चोवीस तास घालणं त्रासाचं असतं आणि घामाने तुम्हाला पुरळ येतंच. सर्जनना हे स्पष्ट विचारा. त्यांनी उन्हाळा नको म्हटलं तर मग बिनपगारी रजेचे दीड महिन्याचे 48,000 हिशेबात धरा आणि थंडीत करा. रजेसाठीही लोन घ्यायचं नाही.

एप्रिलपर्यंत सात महिने आहेत. दरमहा वीस हजार आर.डी.त टाकलेत तर 1 लाख 40 हजार. कमी पडणारे पन्नास हजार त्यातून जातील, उरलेले घरातल्या अडीनडीसाठी.

मिस्टरांचा टर्म विमा नाही, हे तुमच्या फोटोंमधल्या अर्जावरून कळलं. "इतर विमा" या जागी रेघ मारली आहे. घराचं कर्ज डोक्यावर आणि दोन मुलं, असं असताना ही जागा रिकामी राहणं ऑपरेशनपेक्षा मोठी काळजी आहे. त्यांचा 1 कोटीचा टर्म याच महिन्यात घ्या, वर्षाला पंधरा-अठरा हजार जातील. तुमचा मात्र आता नको. अर्जात "कोणती शस्त्रक्रिया सुचवली आहे का" हा प्रश्न असतो, खरं उत्तर द्यावंच लागतं, आणि कंपनी बहुधा ऑपरेशन होईपर्यंत थांबवून ठेवते. जखम भरली की डिस्चार्ज कार्ड आणि पॅथॉलॉजी रिपोर्ट जोडून जुलैमध्ये अर्ज करा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो, म्हणून चौघांचा स्वतःचा 10 लाखांचा फॅमिली फ्लोटरही (सगळ्या घराला मिळून एकच आरोग्य विमा) पुढच्या वर्षात बसवा. त्यात पाठदुखी लिहा, लपवू नका.

पण हे सगळं नंतर. शनिवारी शाळा लवकर सुटते, त्या दिवशी विमा कंपनीची शाखा उघडी आहे का ते फोन करून बघा. नसेल तर शुक्रवारी अर्धी रजा टाका. शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो मला पाठवा. पैसे खात्यात जमा झाले की ते त्याच बँकेत ठेवायचे नाहीत, दुसऱ्या बँकेत सात महिन्यांची एफडी करू. फॉर्म भरताना मी फोनवर असेन.