बसवलेली लेन्स बदलता येते का? यॅग लेसरला हो म्हणण्याआधी वाचा

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवलेली लेन्स बदलता येते. 'एकदा बसवली की कायमची' हे अर्धवट ज्ञान आहे. पण तुमच्या प्रश्नात मला खटकलं ते दुसरंच. तुमच्या आईंना मल्टिफोकल लेन्स (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) बसवल्यापासूनच रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतायत आणि डॉक्टर म्हणतात आधी यॅग लेसर (लेन्समागे आलेली जाळी काढणारा) करून बघू. थांबा जरा!

आमच्या बाबांचं हेच झालं. आयुष्य ट्रक चालवण्यात गेलेलं, रात्रीचा हायवे सवयीचा, आणि दाजींचा हट्ट की महागातली मल्टिफोकलच घ्या, चष्मा सुटेल. चष्मा सुटला पण समोरून गाडी आली की बाबा स्टिअरिंग घट्ट धरून बाजूलाच घ्यायचे. डॉक्टर म्हणाले मेंदूला सवय होईल, मग म्हणाले थोडी जाळी आलीय, म्हणजे लेन्समागचा पडदा धूसर झालाय, लेसर मारू. मारला. वलयं तशीच.

नंतर पुण्याला दाखवलं तेव्हा कळलं की लेन्स ज्या पिशवीत बसते तिच्या मागच्या पडद्याला यॅगने भोक पाडतात, मग लेन्स काढताना डोळ्यातला मागचा जेल पुढे येऊ शकतो आणि नवी लेन्स त्याच पिशवीत बसेल याची खात्री राहत नाही. बाबांचं तसंच झालं, जुनी लेन्स डोळ्यातच कापून तुकडे बाहेर काढले, पुढे आलेला जेल साफ केला आणि साधी मोनोफोकल (एकाच अंतराची) लेन्स पिशवीच्या पुढे बसवली. आता वाचायला चष्मा लागतो, पण रात्रीचे दिवे दिव्यांसारखे दिसतात. दाजी अजून म्हणतात लेन्स उत्तम होती, बाबांनीच धीर धरला नाही. सवय होते बऱ्याच जणांना, मान्य, पण ज्याला महिनोन्‌महिने रस्ता दिसत नाही त्याला धीर शिकवायचा नसतो.

तर आधी लेन्स ठेवायची की बदलायची ते ठरवा, यॅग नंतर. फार रेंगाळूही नका, पिशवी लेन्सला घट्ट चिकटत जाते आणि काढणं अवघड होतं.

हां, सुरुवातीला स्वच्छ दिसत होतं आणि हळूहळू धूसर झालं असेल तर ती खरी जाळी, तिथे यॅगच बरोबर. नुसता नंबर चुकला असेल तर चष्मा किंवा कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर) करायच्या नंबरच्या लेसरनेही भागतं, तो यॅग नव्हे. बदलण्यात धोकाही आहे, डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) सुटणं, त्या पडद्याला सूज, कॉर्नियाच्या पेशी कमी होणं, म्हणून आधी रेटिनाचा ओसीटी (स्कॅन) आणि कॉर्नियाच्या पेशींची तपासणी करून घ्या. आणि पहिल्या ऑपरेशनचं लेन्सचं स्टिकर असलेलं कार्ड सोबत न्या, कुठली लेन्स आत आहे हे सर्जनला त्यावरून नक्की कळतं.