‘सौदेबाजी’ की ‘सामूहिक वाटाघाटी’?

एका वाचकाने विचारले आहे की, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात २०११ मध्ये झालेल्या संघर्षावरचा लेख मराठीत आणताना ‘सार्वजनिक क्षेत्रातील युनियनच्या सौदेबाजीच्या अधिकारांवरून राजकीय संघर्ष’ असे शीर्षक द्यावे काय. त्यांना ‘सौदेबाजी’ हा शब्द खटकतो, पण का खटकतो ते नेमके सांगता येत नाही. त्यांचे खटकणे मला रास्त वाटते, आणि या शीर्षकातील केवळ एकच नव्हे, तर तीन शब्द तपासून घ्यावेत असे माझे मत आहे.

प्रथम ‘सौदेबाजी’. त्यामागील मूळ इंग्रजी ‘कलेक्टिव्ह बार्गेनिंग’ (कामगारांनी संघटनेमार्फत मालकाशी एकत्रित वाटाघाटी करणे) ही संज्ञा बिॲट्रिस पॉटर (पुढे बिॲट्रिस वेब) यांनी १८९१ मध्ये ब्रिटनमधील सहकारी चळवळीवरील पुस्तकात रूढ केली. हिंदीत तिला ‘सामूहिक सौदेबाजी’ हा प्रतिशब्द स्थिरावला आणि हिंदी वाचकाला त्यात काही वावगे वाटत नाही. मराठीत मात्र ‘बाजी’ हा प्रत्यय ज्या शब्दांना लागतो ते बहुधा निंदाव्यंजक असतात: दगाबाजी, ढोंगबाजी, भाषणबाजी, गटबाजी. म्हणून मराठी वाचक ‘सौदेबाजी’ हा शब्द वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मंत्रिपदासाठी आमदारांची चाललेली देवघेव येते, पगारवाढीच्या मागणीपत्रावर व्यवस्थापनासमोर बसलेले संघटनेचे प्रतिनिधी येत नाहीत. ज्या हक्कावरून लोक भांडले, त्याला शीर्षकातच काळिमा लावणारा शब्द वापरणे हा अनुवादकाने नकळत दिलेला निकाल ठरतो.

अर्थशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘सामूहिक सौदाशक्ती’ असा शब्द आढळतो. तो निंदाव्यंजक नाही, पण तो वेगळ्या वस्तूचे नाव आहे. सौदाशक्ती म्हणजे बळ. मजुरांची टंचाई असली की ते वाढते, बेकारी वाढली की ते घटते, आणि कोणतीही विधानसभा ते ठराव करून देऊ किंवा काढून घेऊ शकत नाही. वाटाघाटी ही कृती आहे, आणि त्या कृतीचा हक्क म्हणजे समोरच्या पक्षावर कायद्याने आलेले बंधन: तुम्हाला आमच्या संघटनेशी बोलावेच लागेल आणि जे ठरेल ते लेखी करारात उतरवावे लागेल. मान्यताप्राप्त संघटनेशी सद्भावनेने सामूहिक वाटाघाटी करण्यास मालकाने नकार देणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानुसार अनुचित कामगार प्रथा ठरते, ती याच बंधनामुळे. बळ, कृती आणि हक्क या तिन्हींना एकच शब्द वापरला की विस्कॉन्सिनमध्ये नेमके काय गेले ते वाचकाला कळणारच नाही.

तेथे गेले ते असे. जानेवारी २०११ मध्ये राज्यपालपदी आलेले रिपब्लिकन पक्षाचे स्कॉट वॉकर यांनी फेब्रुवारीत मांडलेल्या विधेयकानुसार बहुतेक सरकारी कर्मचारी संघटनांना यापुढे केवळ मूळ वेतनावर बोलता येणार होते, आणि तेही महागाई निर्देशांकाच्या वाढीइतक्या मर्यादेत. त्याहून अधिक वाढ द्यायची तर मतदारांचा कौल घ्यावा लागणार होता. कामाचे तास, सुरक्षितता, आरोग्यविमा, बदल्या, तक्रारनिवारण हे सारे विषय टेबलावरून उचलले गेले. येथे ‘संघटनांवर बंदी’ असे लिहिणे चुकीचे ठरेल, कारण संघटना स्थापण्यास मनाई नव्हती. ‘वाटाघाटींचे बंधन हटवले’ एवढे म्हणणेही अपुरे आहे, कारण एखादे शाळा मंडळ राजीखुशीने अन्य विषयांवर करार करायला तयार असले तरी त्यालाही कायद्याने मज्जाव केला होता. वेतन करार हा शब्द ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे, त्या आपल्याकडील गिरणी किंवा कारखान्यातील कामगारांना या मज्जावाचा अर्थ लगेच उमगेल.

याच कायद्यातील ‘बेस वेजेस’साठी ‘मूळ वेतन’ हाच शब्द घ्यावा लागेल, पण तळटीप न देता तो सोडू नये. आपल्याकडे मूळ वेतन म्हटले की त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आहेच असे वाचक गृहीत धरतो. तेथे मात्र जादा कामाचा मोबदला, गुणवत्तेनुसार वाढ आणि ठरावीक टप्प्यांची आपोआप होणारी वेतनवाढ हे सर्व त्या शब्दाबाहेर, म्हणजेच वाटाघाटींच्या बाहेर, ठेवले होते.

दुसरा शब्द ‘सार्वजनिक क्षेत्र’. मराठीत तो बँका, आयुर्विमा महामंडळ, तेल कंपन्या यांना चिकटलेला आहे. विस्कॉन्सिनमधील प्रश्न शिक्षक, परिचारिका, तुरुंग कर्मचारी, नगरपालिकांचे कर्मचारी यांचा होता. त्यांना ‘सरकारी व निमसरकारी कर्मचारी’ म्हणावे. ‘सर्व’ हे विशेषण मात्र जोडू नये, कारण बहुतांश पोलीस आणि अग्निशामक दलाचे जवान कायद्यातून वगळले होते, आणि पुढे न्यायालयात या भेदावरच बोट ठेवले गेले.

येथे थोडे थांबून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मराठीत सरकारी कर्मचाऱ्यांच्या संदर्भात ‘सामूहिक वाटाघाटी’ हा शब्द रुळला नाही, याचे कारण भाषेत नसून व्यवस्थेत आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६६ मध्ये जी यंत्रणा उभी राहिली तिचे नावच ‘संयुक्त सल्लागार यंत्रणा’ आहे, आणि वेतन ठरते ते वेतन आयोगाच्या शिफारशींवर. सल्ला आणि शिफारस या शब्दांत मान्य करण्याचे बंधन नाही. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी, निमसरकारी आणि शिक्षक कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेले, तेव्हाही सरकारशी झाली ती ‘चर्चा’ किंवा ‘बोलणी’. एसटी महामंडळात मात्र मान्यताप्राप्त संघटनेशी चार-चार वर्षांचे वेतन करार होत आले, म्हणून तेथील कामगाराच्या तोंडी ‘करार’ हा शब्द सहज येतो. अनुवादकाला शब्द सापडत नाही तेव्हा पुष्कळदा ती वस्तूच त्या ठिकाणी नसते, आणि म्हणूनच पहिल्या उल्लेखात विस्तार करणे आवश्यक आहे: ‘संघटनेमार्फत एकत्रितपणे वाटाघाटी करून लेखी करार करण्याचा कायदेशीर हक्क’.

तिसरा शब्द ‘अधिकार’. मराठीत अधिकार बहुधा पदाबरोबर येतो आणि हक्क माणसाचा असतो. जिल्हाधिकाऱ्याला अधिकार असतात, वारसाला हक्क असतो. येथे ‘हक्क’ हवा. मात्र या शब्दावरूनच तेथे वाद होता हे अनुवादकाने ध्यानात ठेवावे. वॉकर यांच्या बाजूचे म्हणणे असे की हा हक्क नव्हेच, ती करदात्यांना महाग पडणारी सवलत आहे. विरोधकांसाठी तो अर्धशतकाचा वारसा होता, कारण स्थानिक कर्मचाऱ्यांना हा हक्क देणारा देशातील पहिला राज्य कायदा १९५९ मध्ये विस्कॉन्सिननेच केला होता. म्हणून निवेदनात ‘कायद्याने दिलेला हक्क’ म्हणावे, म्हणजे तो संविधानातील मूलभूत हक्क नव्हता हेही स्पष्ट होते, आणि वॉकर यांचे मत मांडताना ‘सवलत’ हा शब्द त्यांच्याच नावे येऊ द्यावा.

विधेयकाच्या नावाबाबतही सावध राहावे. ‘बजेट रिपेअर बिल’चे ‘अंदाजपत्रक दुरुस्ती विधेयक’ केले तर मराठी वाचक त्याला जुन्या कायद्यातील दुरुस्ती समजेल. ‘अंदाजपत्रकातील तूट भरून काढण्याचे विधेयक’ हे लांब असले तरी अचूक आहे. कथानकाच्या दृष्टीनेही ते महत्त्वाचे आहे. आर्थिक विधेयकासाठी राज्याच्या ३३ सदस्यांच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, २० जणांची उपस्थिती लागते आणि रिपब्लिकन होते १९. म्हणून मतदान रोखण्यासाठी विरोधी १४ डेमोक्रॅट सदस्य राज्य सोडून शेजारच्या इलिनॉय राज्यात निघून गेले, आणि राजधानी मॅडिसनमधील विधिमंडळाच्या इमारतीत निदर्शकांनी मुक्काम ठोकला. ९ मार्चला रिपब्लिकन सदस्यांनी आर्थिक तरतुदी बाजूला काढल्या, म्हणजे २० जणांची अट उरली नाही, आणि वाटाघाटींचा भाग १८ विरुद्ध १ मतांनी संमत केला. तूट भरण्याच्या नावाने आणलेली गोष्ट पैशाच्या तरतुदी वगळून संमत झाली, हे मराठी वाचकापर्यंत पोहोचायचे असेल तर विधेयकाचे नाव अचूक असायलाच हवे.

तेव्हा शीर्षक असे सुचवतो: ‘विस्कॉन्सिनमधील सरकारी कर्मचारी संघटनांच्या सामूहिक वाटाघाटींच्या हक्कावरून राजकीय संघर्ष’. ‘सामूहिक’ऐवजी ‘सामुदायिक’ चालेल. ‘घासाघीस’ भाजीबाजारापुरती ठेवावी.

लेखात पुढे संघटनांच्या वार्षिक फेरमान्यतेचा, म्हणजे दरवर्षी कर्मचाऱ्यांच्या मतदानातून मान्यता टिकवण्याच्या अटीचा, उल्लेख येईल. तेथे ‘५१ टक्के मते’ असे मोघम लिहू नये. ती टक्केवारी मतदान केलेल्यांपैकी नसून संघटना ज्यांच्या वतीने बोलते त्या गटातील सर्व कर्मचाऱ्यांपैकी आहे. जो मत द्यायला आला नाही, तो संघटनेच्या विरोधात मोजला जातो.