संशोधकाने उभारलेली कंपनी इंजिनिअरिंगच्या शिक्षणाला आणि रुग्णसेवेला मदत करते ती नेमकी कशी?

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याचा चेक आणि त्यासोबतचा फोटो सगळ्यांनीच पाहिलेला असतो, म्हणून ते सोडून बॉश या जर्मन कंपनीचं सांगतो. आम्हा नाशिककरांना ही कंपनी ‘मायको’ म्हणूनच ठाऊक. पाटी बदलून कितीतरी वर्षं झाली, तरी रिक्षावाल्याला मायको सर्कलच सांगायचं.

रॉबर्ट बॉश यांनी 1886 मध्ये स्टुटगार्टला छोटंसं वर्कशॉप काढलं. नाव झालं ते मॅग्नेटोमुळे. बॅटरी नाही, काही नाही; इंजिनाच्या फिरण्यातूनच वीज तयार करून हे उपकरण इंधन पेटवणारी ठिणगी पाडायचं. मोटारींना खरा उपयोगी पडलेला हाय व्होल्टेज मॅग्नेटो मात्र त्यांच्याकडच्या गॉटलोब होनोल्ड यांनी 1902 मध्ये केला, त्यामुळे बॉश संशोधक की कारखानदार, यावर खुशाल वाद घाला.

पैसा हातात आल्यावर 1910 मध्ये त्यांनी स्टुटगार्टच्या तंत्रशिक्षण संस्थेला 10 लाख मार्क दिले. 1913 मध्ये कारखान्यातच अप्रेंटिस मुलांसाठी वेगळा विभाग काढला. माझ्या मते हे दुसरं काम मोठं. देणगीतून इमारती होतात, पण मशीनवर हात बसवायला शेजारी उभा राहून शिकवणारा माणूस लागतो.

बॉश यांचं रुग्णालय 1940 मध्ये सुरू झालं, तेही होमिओपॅथीचं! बॉश स्वतः तिचे पक्के पुरस्कर्ते होते. आज तिथे आधुनिक उपचार होतात आणि त्यांच्या मुलीच्या नावाची एक संशोधन संस्थाही जोडलेली आहे. एकच औषध एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला का नाही, यावर तिथे काम चालतं.

आता पैशाची वाट. बॉश 1942 मध्ये वारले. 1964 मध्ये वारसांकडचे बहुतेक शेअर्स धर्मादाय संस्थेकडे गेले. तिलाच आता रॉबर्ट बॉश श्टिफ्टुंग म्हणतात. कंपनीची सुमारे 94 टक्के मालकी आज तिच्याकडे आहे. लाभांश तिला मिळतो आणि त्यातून रुग्णालय, संशोधन, शिक्षण चालतं. पण बहुतेक नफा कंपनी धंद्यातच परत घालते, त्यामुळे ‘94 टक्के नफा दानात’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शिवाय मतदानाचा हक्क जवळजवळ सगळा दुसऱ्याच एका ट्रस्टकडे आहे.

टाटा सन्समध्ये टाटा ट्रस्ट्सचे 66 टक्के शेअर्स आहेत, म्हणून ही रचना आपल्याला ओळखीची वाटते. फरक इतकाच की टाटांच्या ट्रस्टचा शब्द कंपनीत चालतो, श्टिफ्टुंगला कारभारात बोलताच येत नाही.