रस्ताभर माणसं, साक्षीदार एकही नाही

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मुलींना त्रास देणारा तो माणूस जामिनावर बाहेर आला, पोरं भडकली आहेत, 'आता आपणच धडा शिकवू' असं ठरतंय आणि तुलाही बोलावणं आलंय. जाऊ का, असं तू विचारलेलं नाहीस. 'यात चूक काय ते पटवून द्या' असं लिहिलंस. बरं केलंस. नुसता उपदेश हवा असता तर मी तो चार ओळींत उरकला असता.

तुझा राग खोटा नाही. सरकारी वकील म्हणून उभी राहायचे तेव्हा रोज बघायचे: फिर्यादी बाई रोजगार बुडवून तारखेला येते, व्हरांड्यात आरोपीच्या माणसांसमोर दिवसभर बसते आणि दुपारी कळतं की आज साहेब रजेवर, पुढची तारीख. दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असं विधी आयोगाने १९८७ मध्ये सांगितलं होतं. त्याच्या निम्म्यापर्यंतही आपण पोचलेलो नाही. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत चार कोटींहून जास्त खटले पडून आहेत. तेव्हा 'कायद्यावर विश्वास ठेव' वगैरे मी म्हणणार नाही. सांगून कुणाचा विश्वास बसत नसतो.

तू नागपूरचा दाखला दिलास. १३ ऑगस्ट २००४, कस्तुरबा नगरला वर्षानुवर्षं छळणाऱ्या गुंडाला तिथल्या बायकांच्या जमावाने भर न्यायालयाच्या आवारात संपवलं. त्या बायका पोलिसांकडे गेल्या नव्हत्या असं नाही. जाऊन जाऊन थकल्या होत्या. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण पुढचं तू लिहिलं नाहीस. खटला चालला आणि २०१४ मध्ये सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं स्किडमोर हे असंच एक छोटं गाव. तिथल्या गावगुंडाविरुद्धचे खटले एकामागून एक पडत, कारण साक्षीदारांना धमक्या जात. शेवटी एका दुकानदारावर गोळी झाडल्याबद्दल तो दोषी ठरला आणि अपील होईपर्यंत पुन्हा जामिनावर बाहेर आला. जुलै १९८१ मध्ये भर दिवसा, मुख्य रस्त्यावर, त्याच्याच गाडीत त्याला गोळ्या घातल्या गेल्या. आजूबाजूला डझनावारी माणसं होती. त्याच्या बायकोने एकाचं नाव घेतलं, बाकी कुणी काही पाहिलंच नव्हतं. आजतागायत कुणाला शिक्षा झालेली नाही.

लोक याला गावाचा विजय म्हणतात. मला त्यात तीच जुनी सवय दिसते. आधी गाव त्याच्या भीतीने गप्प होतं, नंतर एकमेकांसाठी गप्प राहिलं. पाहिलेलं बोलायचं नाही, ही सवय दोन्ही वेळेला कामी आली आणि दोन्ही वेळेला सुटला तो मारणाराच. तुझ्या दोस्तांचा बेतही याच सवयीवर उभा आहे, नाही का? 'कोण बोलणार आहे आपल्याविरुद्ध?' हे वाक्य त्यांच्या तोंडी आलं असेलच. त्या माणसाच्याही तोंडी तेच असणार.

आता व्यवहाराचं बोलू. समजा तुम्ही गेलात, मारलंत. तो दवाखान्यात दाखल होईल आणि तिथूनच त्याचा जबाब होईल. म्हणजे आता तो फिर्यादी. पाच किंवा जास्त जण गुन्हा करण्याच्या एका उद्देशाने जमले की कायद्याच्या लेखी तो बेकायदेशीर जमाव, आणि त्यातल्या एकाने केलेल्या गुन्ह्याला सगळे जबाबदार. 'मी मागे उभा होतो' याचा फारसा उपयोग होत नाही. आरोपींच्या यादीत नावं कुणाची येतील? मुलींचे भाऊ, शेजारी, म्हणजे मूळ प्रकरणात जे साक्षीदार व्हायचे तेच. मग दोन केसेस समोरासमोर चालू लागतात. महिनाभरात कुणीतरी वजनदार माणूस मध्ये पडतो: कशाला कोर्टकचेरी, पोरांचं आयुष्य खराब होईल, दोघांनी मिटवून टाका. मिटवायचं म्हणजे काय, तर मुलीने साक्षीच्या वेळी 'मला नीट आठवत नाही' म्हणायचं. तिच्या तक्रारीच्या मोबदल्यात तुमची सुटका! हे मी इतक्या वेळा पाहिलंय की मारहाणीची बातमी आली की मला मूळ फिर्यादीचीच काळजी वाटू लागते.

'पण इथे माणूस कोण ते नक्की माहीत आहे' असंही तू म्हणशील. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावालाही नक्की माहीत होतं. मुलं पळवणारी टोळी म्हणून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. हैदराबादला डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार-खुनाच्या प्रकरणातल्या चार संशयितांना पोलिसांनीच गोळ्या घातल्या आणि लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये म्हटलं की गोळ्या मारण्याच्याच हेतूने झाडल्या होत्या आणि चौघांतले तिघे अल्पवयीन होते. गुन्हा त्या चौघांनीच केला होता का, हे आता कोणतंच न्यायालय तपासणार नाही.

मग करायचं काय? जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. त्याला अटी असतात. तो मुलींच्या वाटेवर पुन्हा उभा राहत असेल, निरोप धाडत असेल, तर जामीन रद्द व्हायला तेवढं कारण पुरतं. पण ते कुणीतरी तारीख-वेळेसह लेखी द्यावं लागतं. ठाण्यात घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांकडे, तिथेही नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. कंटाळवाणं आहे, माहीत आहे. साक्षीदाराला धोका असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो. कागदावर आहे तितकं पदरात पडेलच असं नाही, पण अर्ज केल्याशिवाय तर काहीच पडत नाही. आणि हो, डोळ्यांदेखत अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा घडत असेल तर सामान्य माणूसही गुन्हेगाराला पकडू शकतो. पकडून सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं. मारण्याचा अधिकार त्यात नाही.

तुझ्या पत्रात शेवटी, जाता जाता, एक वाक्य आहे: मुलींना त्रास दिला त्या संध्याकाळी तू गॅलरीत होतास आणि मोबाइलवर थोडं चित्रीकरणही केलंस. संपूर्ण पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं ते वाटलं. ती फाइल कुणाला पाठवू नकोस, कापू नकोस, फोन विकू किंवा बदलू नकोस. मूळ फोन दाखवता यायला हवा, आणि फाइलची प्रत द्यायची तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. फिरत फिरत आलेल्या क्लिपचा बचाव पक्ष भुगा करतो.

पोलिसांकडे जाण्याआधी त्या मुलींशी बोल. त्यांना काय हवंय हे तुमच्यापैकी कुणी विचारल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. मग तपास अधिकाऱ्याकडे जाऊन स्वतःहून जबाब दे. पाहिलं तेवढंच सांग, ऐकलेलं त्यात मिसळू नकोस. गंभीर कलम असेल तर दंडाधिकाऱ्यांसमोरही जबाब होईल. गल्लीतली पोरं तुला भित्रा म्हणतील, याची तयारी ठेव. समन्स यायला वर्ष-दोन वर्षं लागतील, तोवर फोन जपून ठेव. समन्स आलं की कळव. काय बोलायचं ते मी शिकवणार नाही, पण उलटतपासणीत माणसाला कसं घोळात घेतात ते सांगेन.

तुझी,
मावशी