‘टेन्शन घेऊ नका’ म्हटल्याने शुगर उतरत नाही

“मॅडम, खाणं तेच, गोळी तीच. मग शुगर का वाढली? टेन्शनने वाढते का, की माझंच काही चुकतंय?”

मी समुपदेशक. मधुमेह असलेली माणसं हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा घेऊन येतात. इथे विचारणाऱ्या ताई धायरीच्या, वय सेहेचाळीस, पतपेढीत नोकरीला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ७.२ टक्क्यांवरून ८.४ वर गेली होती.

जेवणाचं बोलून झालं. मग रात्रीचं विचारलं, तेव्हा खरं चित्र दिसलं. सासऱ्यांना अर्धांगवायू. रात्रीत तीन-चारदा हाक. नवरा चाकणला शिफ्टमध्ये. दीर बाणेरला, रविवारी फळं घेऊन येतात आणि जाताना “वहिनी, टेन्शन घेऊ नका” असं सांगून जातात!

ताणात कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढतं. ते यकृताला रक्तात साखर सोडायला लावतं आणि इन्सुलिनचा जोर कमी करतं. कुत्रं मागे लागलं तर ती साखर पळायला कामी येते. सासऱ्यांची हाक आली की पळता येत नाही. त्यात झोप तुटली की भूक वाढते, चालणं सुटतं, संध्याकाळची गोळी राहून जाते. नुसत्या ताणाने मधुमेह झाला असं मात्र मी म्हणणार नाही. ताईंच्या आईलाही तो होता, आणि पोटाचा घेर आधीपासूनचा.

लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ साली सुरू झाला. त्यात हृदयविकाराने जाणाऱ्यांचं प्रमाण साहेबांपेक्षा खालच्या श्रेणीत जास्त निघालं. सिगारेट, बीपी धरूनही तो फरक पुरता उलगडला नाही. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात कामात आपलं काही न चालणं हेही एक कारण दिसलं. ताईंच्या घरी दुखणं सासऱ्यांचं, ठरवणार नवरा नि दीर, आणि जागणार ताई. म्हणून प्राणायामाआधी मी रात्रीच्या पाळीचा विषय काढला.

पुढच्या भेटीला दोघा भावांना बोलावलं. दीर आधी चिडले, “आमच्या घरातलं इथे कशाला?” हा राग मला नवा नाही, पुण्यात समुपदेशकाकडे जाणं अजूनही पुष्कळांना घरचं चव्हाट्यावर आणल्यासारखं वाटतं. शेवटी आठवड्यातल्या चार रात्रींसाठी माणूस ठेवायचं ठरलं, निम्मे पैसे दिराचे. शनिवारी रात्री नवरा वडिलांजवळ झोपणार. ताईंची पहिली मागणी विचारली तर म्हणाल्या, “दार लावून झोपू दे.”

तीन महिन्यांनी आकडा ७.६ आला. मधल्या काळात डॉक्टरांनी गोळीही वाढवली होती, त्यामुळे श्रेय झोपेला किती नि गोळीला किती, ते मला सांगता येणार नाही. ताईंनी मात्र लगेच विचारलं, “आता गोळी कमी करू का?” त्यासाठी त्यांना डॉक्टरांकडेच पाठवलं. दिराचा या महिन्याचा हप्ता अजून यायचा आहे.