आद्य ख्रिस्ती धर्मशास्त्रात पीएच.डी. करायचीय? आधी भाषा

विषय ठरवायची घाई करू नका. आधी ग्रीक आणि लॅटिन पक्की करा. रोज तासभर, निदान दोन वर्षं. नुसत्या नव्या कराराच्या ग्रीकवर भागत नाही. नाझियान्झसच्या ग्रेगरीची (चौथ्या शतकातला ग्रीक धर्मशास्त्रज्ञ) लांबलचक वाक्यं समोर आली की गाडी तिथेच अडते, म्हणून अभिजात ग्रीक गद्यही वाचा. सिरियाक (पूर्वेकडच्या ख्रिस्ती ग्रंथांची जुनी भाषा) हवी असेल तर परदेशाची वाट बघायला नको, कोट्टायमच्या 'सीरी' संस्थेत ती शिकवतात. जर्मन, फ्रेंच वाचण्यापुरती तरी हवीच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आवृत्त्यांचा. मीन्य या फ्रेंच धर्मगुरूने छापलेले आद्य ख्रिस्ती ग्रंथांचे 161 ग्रीक आणि 221 लॅटिन खंड ऑनलाइन फुकट मिळतात, म्हणून नवखे तिथूनच उतारे उचलतात. पण हे एकोणिसाव्या शतकातले खंड बहुतांशी त्याआधीच्या छापील आवृत्त्यांवरून घेतलेले आहेत. एरियनांविरुद्धचं (ख्रिस्ताचं पूर्ण देवत्व नाकारणाऱ्या पंथाविरुद्धचं) चौथं भाषण तिथे अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या नावावर आहे. आज ते त्याचं मानत नाहीत. त्यावर युक्तिवाद उभा केलात तर अख्खं प्रकरण परत लिहावं लागेल! प्रत्येक ग्रीक ग्रंथ आधी 'क्लाविस' सूचीत तपासा: लेखक खरा की आरोपित, चिकित्सक आवृत्ती (हस्तलिखितं ताडून तयार केलेली) कोणती, हे तिथे कळतं. मगच बर्लिनच्या ग्रीक, व्हिएन्नाच्या लॅटिन किंवा 1942 साली सुरू झालेल्या 'सूर्स क्रेतिएन' या फ्रेंच ग्रंथमालिकेतला खंड हातात घ्या.

पेपर वाचायला ऑक्सफर्डची याच विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद उत्तम. 1951 पासून साधारण दर चार वर्षांनी भरते. निव्वळ या विषयाच्या नोकरीच्या जागा मोजक्याच निघतात, म्हणून चर्चचा इतिहास किंवा नवा करार शिकवायची तयारीही ठेवा.